कातळावर उरलेलं

वेरूळची लेणी ज्या दगडात कोरली आणि रायगडाचे कडे ज्या दगडाचे आहेत, तो दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस होता. तो पृथ्वीच्या पोटातून जिथून वर आला, ती जागा अजून धगधगते आहे. भूशास्त्रज्ञ तिला रियुनियनचा तप्तबिंदू म्हणतात. भारत तिच्यावरून उत्तरेकडे सरकला, आग मागे राहिली आणि वरून जाणाऱ्या समुद्रतळातून पुन्हा पुन्हा फुटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या खालचा कातळ असाच तयार झाला. त्यानंतर मॅस्करीन पठार, त्यानंतर मॉरिशस. आता ती आग रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही थोड्याथोड्या काळाने उसळतो.

म्हणजे मॉरिशस हे सह्याद्रीचं धाकटं भावंड. तिथे आणि शेजारच्या रियुनियन व रॉड्रिग्ज बेटांवर जे संपलं आणि जे संपत आलं आहे, त्यातल्या काहींची ही नोंद.

जुना दगड, नवा दगड

मॉरिशस समुद्राबाहेर येऊन ८० ते ९० लाख वर्षं झाली. त्या पहिल्या ज्वालामुखीचा घुमट केव्हाच झिजला. त्याचे तुकडे बेटाच्या कडेने डोंगर होऊन उभे आहेत: मोका, ग्रां पोर, रिव्हिएर न्वार, आणि नैऋत्येच्या टोकाला ल मोर्न. बेटाचं सर्वांत उंच शिखरही ८२८ मीटरच भरतं, आपल्या सिंहगडापेक्षा बुटकं. मधली जमीन फार नंतरची. गेल्या दहा लाख वर्षांत छोट्या छोट्या मुखांतून पातळ लाव्हा वाहिला आणि जुन्या डोंगरांमधला सगळा खोलगट भाग त्याने भरून काढला. क्युरपिप गावातलं त्रू ओ सेर्फ हे विवर त्याच काळातलं.

या बेटावरच्या सजीवांचं काय झालं ते समजून घ्यायला एवढा भूगोल लागतो. नवा दगड सपाट होता, त्यामुळे त्यावर ऊस आला. जुना दगड उभा, घसरडा, ओघळांनी कापलेला होता, त्यामुळे तिथे कुऱ्हाड उशिरा पोहोचली आणि काही ठिकाणी पोहोचलीच नाही. मूळच्या जंगलापैकी चांगल्या स्थितीतलं आज दोन टक्केसुद्धा शिल्लक नाही. जे आहे ते बहुतेक कड्यावर, घळीत किंवा मुख्य बेटापासून तुटलेल्या खडकांवर आहे.

जे कधी आलंच नाही

मादागास्कर पश्चिमेला सुमारे ९०० किलोमीटरवर. मध्ये खोल पाणी. मॉरिशस कधीच कुठल्या भूखंडाला जोडलेलं नव्हतं, म्हणून उडत, तरंगत किंवा पक्ष्याच्या पायाला चिकटून जे येऊ शकलं तेवढंच आलं. बेडूक आला नाही, कारण खारं पाणी त्याला सोसत नाही. वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणी नव्हते. मांजर नव्हतं, उंदीर नव्हता, माकड नव्हतं, खूर असलेलं काही नव्हतं.

या रिकाम्या जागा ज्यांनी भरल्या ते सगळे वेगळ्याच कामाला लागले. हरणांचं चरणं कासवांनी उचललं. कबुतराच्या कुळातला एक जीव जमिनीवर उतरला आणि त्याचे पंख आखडत गेले. फुलांवर परागाचं काम पाली करू लागल्या. लाखो वर्षं कुणी मागून धावून आलं नाही, तेव्हा पळण्याची हुशारी कुणाकडे उरली नाही.

डोडो

डच खलाशी १५९८च्या सप्टेंबरात उतरले. सर्वसाधारणपणे मान्य असलेली डोडोची शेवटची नोंद १६६२ची, तीही मुख्य बेटाबाहेरच्या एका छोट्या बेटावरची. मधे फक्त ६४ वर्षं. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरं, पण जहाजांतून आलेली आणि जमिनीवर घातलेल्या अंड्यांवर तुटून पडणारी डुकरं, माकडं आणि उंदीर यांनी जास्त नाश केला असणार.

डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग निकोबारी कबुतर, हे २००२च्या डीएनए अभ्यासातून दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. डोडो आणि रॉड्रिग्जवरचा त्याचा भाऊबंद सॉलिटेअर यांच्या वाटा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असा अंदाज त्यात निघाला. मॉरिशसचं वय त्याच्या तिपटीने कमी. रॉड्रिग्ज तर जेमतेम १५ लाख वर्षांचं. मग तेव्हा हे पक्षी राहत होते कुठे? तप्तबिंदूने आधी घडवलेल्या आणि आता पाण्याखाली गेलेल्या बेटांवर. आज नकाशात मॅस्करीन पठारावर नाझारेथ, साया द माल्हा अशी उथळ पाण्याची पट्टी दिसते. ती कधी काळी जमीन होती. एक बेट झिजून बुडायला लागलं की दक्षिणेला नवं उभं राहत होतं, आणि डोडोचे पूर्वज तिकडे जात होते. बेटं मेली तरी वंश टिकला होता.

सुरतेत दोन डोडो जिवंत आले होते. १६२८च्या सुमारास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने ते पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर असलेलं डोडोचं एक रंगीत चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. युरोपातल्या चित्रांत डोडो फार लठ्ठ दिसतो. मन्सूरचा डोडो सडपातळ, सावध, पायांवर नीट तोललेला आहे, आणि अभ्यासक त्यालाच जास्त विश्वासार्ह मानतात.

कासवं

मॉरिशसवर दोन जातींची. एकीची ढाल घुमटासारखी, ती खाली चरायची. दुसरीची ढाल मानेपाशी वर उचललेली, ती मान ताणून झुडपांची पानं खायची. रॉड्रिग्जवरही अशीच दोन, रियुनियनवर एक. पाचही संपली. त्यांचं कूळ इतर कासवांपासून सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं, असं २०१९च्या डीएनए अभ्यासाने सांगितलं. म्हणजे तीही बुडालेल्या बेटांवरून एकेक बेट मागे टाकत आलेली.

कासव समुद्र कसा ओलांडतं, अशी शंका येते. २००४च्या डिसेंबरात टांझानियाच्या किनाऱ्यावर अल्दाब्राचं एक महाकाय कासव चालत वर आलं. त्याच्या पायांवर आणि ढालीच्या कडेला बार्नॅकल हे समुद्री जीव चिकटून वाढलेले होते. ते कित्येक आठवडे पाण्यात तरंगत, शेकडो किलोमीटर पार करून आलं होतं. या तिन्ही बेटांवरची कासवं तरंगूनच आली, आणि जहाजांच्या तळात उलटी ठेवून नेली गेली. पाण्याशिवाय, अन्नाशिवाय ती महिनोन्महिने जिवंत राहत, म्हणून खलाशांना तो ताज्या मांसाचा साठा वाटला. रॉड्रिग्जवरून अठराव्या शतकात ती हजारोंनी भरून नेली. मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राउंड आयलंडवर १८४४मध्ये थोडी सापडली. त्यानंतर नाही.

कॅफे मारोन

रॉड्रिग्जवरचं झुडूप, कॉफीच्या कुळातलं. संपलं असंच सगळे धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शाळकरी मुलाने, शिक्षकांनी दाखवलेल्या जुन्या चित्रावरून, रस्त्याकडेला ते ओळखलं. एकच होतं. भोवती कुंपण घातलं तरी औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडत राहिले. १९८६मध्ये काही फाटे विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात गेले. एक रुजला. फुलं भरपूर यायची, बी धरायचं नाही. ते बी मिळायला २००३ उजाडलं.

या झुडपाची कोवळ्या वयातली पानं लांब, अरुंद, तपकिरी असतात. ती झाडाची पानं वाटतच नाहीत. उंच झाल्यावर मात्र साधी, रुंद, हिरवी पानं येतात. कासवाची मान जिथवर पोहोचते तिथवरच हा वेश, असं वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटतं. कासवं जाऊन दोन शतकं झाली. क्यूमधल्या काचघरात उगवलेलं रोपटंही अजून त्यांच्यापासून लपतं.

टांबालाकोक

या झाडाची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. त्याचं फळ डोडो खायचा, त्याच्या पोटात दळून निघाल्याशिवाय ती दगडी कोय फुटायची नाही, म्हणून डोडो गेल्यावर गेल्या ३०० वर्षांत एकही नवं झाड उगवलं नाही. १९७७मध्ये एका अमेरिकन शास्त्रज्ञाने हे मांडलं आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. ते खरं नाही. तरुण झाडं सापडली, आणि कोय पोटात न जाताही फुटते हे दिसून आलं. गोष्ट इतकी बेतशीर होती की ती लोकांना सोडवत नव्हती.

झाड मात्र खरोखरच संकटात आहे. त्याची फळं माकडं कच्चीच तोडून टाकतात, डुकरं मुळाशी उकरतात, आणि पडलेली कोय उगवली तरी ज्या सावलीत उगवते तिथे चिनी पेरूचं दाट रान माजलेलं असतं. फळं दूर नेणारी कासवं आणि मोठ्या चोचीचे पोपट डोडोसारखेच गेले. ही गोष्ट एका वाक्यात बसत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

एक ताड

क्युरपिपच्या सरकारी बागेत हायोफोर्बे अमारिकॉलिस नावाचा ताड आहे. जगात हा एकच. भोवती लोखंडी चौकट. नर आणि मादी फुलं त्याच झाडावर येतात, पण वेगवेगळ्या वेळी उमलतात. प्रयोगशाळेत बीजापासून रोप वाढवायचे प्रयत्न झाले. रोपं टिकली नाहीत.

त्याचाच एक भाऊ आपल्या ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकाशी, हॉटेलांच्या हिरवळीवर जो फुगीर खोडाचा बॉटल पाम लावतात, त्याचं घर म्हणजे राउंड आयलंड. मूळ जागी तो एके काळी बोटांवर मोजण्याइतका उरला होता.

राउंड आयलंड

मुख्य बेटापासून साडेबावीस किलोमीटर, क्षेत्रफळ सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. ज्वालामुखीच्या राखेचा ठिसूळ दगड. शेवटच्या हिमयुगात समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता, तेव्हा हे मॉरिशसचंच एक टेकाड होतं. पाणी चढलं आणि जे सजीव त्या टेकाडावर होते ते तिथेच अडकले. त्या अडकण्यानेच ते वाचले, कारण उंदीर इथे कधी पोहोचला नाही. उतरायला धड जागा नाही, लाटा वर्षभर आपटतात.

इथला एक साप सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत वेगळा. त्याचा वरचा जबडा मधोमध दोन तुकड्यांत विभागून बिजागरीसारखा वाकतो. गुळगुळीत, कडक अंगाच्या सरड्यांना धरायला तो सोयीचा पडतो. हा साप अजून आहे. बिळात राहणारा दुसरा साप १९७५मध्ये शेवटचा दिसला. त्याला बीळ करायला माती लागायची, आणि माती शिल्लक नव्हती. एकोणिसाव्या शतकात इथे बकऱ्या आणि ससे सोडले होते. त्यांनी झाडं खाल्ली, झाडांशिवाय ठिसूळ दगडावरची माती पावसाने समुद्रात गेली. बकऱ्या १९७९पर्यंत हलवल्या, ससे १९८६मध्ये. साप तेवढा थांबला नाही.

कड्यावरचा ससाणा

१९७४मध्ये मॉरिशसच्या रानात चार. त्यात पिलं घालणारी जोडी एखादीच. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, तुटलेलं जंगल आणि घरटी लुटणारी माकडं, तिन्हींचा मार बसला होता. स्थानिक लोक त्याला कोंबड्या खाणारा म्हणत आणि दिसला की गोळी घालत. प्रत्यक्षात तो जंगलातल्या पाली खाऊन जगतो.

पूर्वी हे ससाणे झाडांच्या ढोलीत घरटी करायचे. त्या वर्षी उरलेल्या जोडीने ढोली सोडून उभ्या कड्यातल्या कपारीत अंडी घातली. माकडाला तिथे पाय ठेवता येईना. पिलं जगली, आणि तीही पुढे कड्याकडेच गेली. नद्यांनी लाखो वर्षं कापत आणलेल्या त्या जुन्या दगडाच्या भिंती नसत्या तर एवढीही संधी मिळाली नसती. १९७९मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण शास्त्रज्ञ तिथे आला, अंडी उचलून उबवली, पिलं वाढवून सोडली. आज हे ससाणे शेकड्यांत आहेत. ज्यांनी त्याला आधी सल्ला दिला होता की हा पक्षी सोडून दे, पैसा दुसरीकडे लावू, त्यांचं म्हणणं मान्य झालं असतं तर हा परिच्छेद डोडोच्या परिच्छेदाला जोडूनच लिहावा लागला असता.

कातो

मॉरिशसचा हिरवा पोपट. त्याचे पूर्वज भारताच्या बाजूने, आपल्या गळ्याभोवती पट्टी असलेल्या पोपटाच्या कुळातून, स्वतःच्या पंखांवर आले. पुढे एकोणिसाव्या शतकात आपला तो पोपटही पिंजऱ्यातून गेला आणि सुटला. आता जुन्या झाडांतल्या मोजक्या ढोलींसाठी दोघांची झटापट होते. १९८०च्या दशकात कातो दहा-बारावर आला होता. माणसांनी लाकडी पेट्या बांधून दिल्या, म्हणून आज तो शेकड्यांत आहे.

भारतातून गेलेलं आणखी: साळुंकी, शिपाई बुलबुल, मुंगूस. साळुंकी टोळ खाण्यासाठी मुद्दाम नेली होती.

गुलाबी पारवा

१९९०च्या सुमारास रानात नऊ-दहा. शेवटची घरटी जपानी सुरूच्या एका परक्या राईत होती, कारण त्या फांद्यांवर माकडांना चढणं जड जायचं.

लाल मकरंद

नेसोकोडॉन नावाचं फिक्या निळ्या फुलांचं झुडूप धबधब्याशेजारच्या ओल्या कड्यांवरच उगवतं. त्याच्या फुलात मकरंद रक्तासारखा लाल. ल मोर्नच्या कड्यावर, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही अशी, ट्रोशेशिया बुटोनियाना. तिचाही मकरंद लाल. १९९२पासून ती मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे. हा रंग पालींना खुणावण्यासाठी असावा. दिवसा फिरणारी, निळ्या शेपटीची हिरवी पाल फुलात तोंड घालते आणि नाकावर पराग घेऊन जाते. तिला शिकारी पक्ष्यांपासून लपायला केवड्याच्या कुळातल्या झाडाची काटेरी जाळी लागते. ट्रोशेशियाच्याच दुसऱ्या एका जातीची जी झुडपं अशा जाळीजवळ उभी असतात, त्यांना जास्त फळं धरतात, हे २००७च्या अभ्यासात मोजून दाखवलं गेलं. केवडा तोडला तर शेजारच्या फुलाचं बी कमी होतं. राखायचं कुठवर, याची सीमा म्हणूनच आखता येत नाही.

रुसिया नावाच्या वेलीचं तर आणखी बिकट. पराग नेणारी हीच पाल आणि बी पसरवणारीही हीच. बाहेरून आलेली पांढऱ्या पायांची मुंगी त्या फुलांत पिठ्या ढेकूण पाळते आणि पालीला चावून हाकलते.

दगडांचे ढीग

नव्या लाव्हाची जमीन म्हणजे धोंडेच धोंडे. ऊस लावायचा तर ते उचलावे लागत. १८३४पासून भारतातून कंत्राटी मजूर गेले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ ते १९२३ या काळात उतरलेल्यांची संख्या पाच लाखांच्या जवळ जाते. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे, मराठी बोलणारे होते. कोकणातला काळा कातळ सोडून ते निघाले आणि त्याच आगीतून निघालेला दुसरा काळा कातळ हातांनी उचलून त्यांनी शेतात रचला. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची गणेशचतुर्थी आज तिथली सार्वजनिक सुट्टी आहे.

ते ढीग उसात बेटांसारखे उभे असतात. यंत्राने कापणी करता यावी म्हणून गेल्या काही दशकांत पुष्कळसे फोडून नेले. त्यावर कुणा मजुराचं नाव नव्हतं.

आबनूस

डचांना हे बेट हवं होतं ते याच्या काळ्या लाकडासाठी. किनाऱ्यालगतचं कोरडं आबनुसाचं रान आज मुख्यतः इल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या, प्रवाळाच्या चुनखडी दगडाच्या बेटावर उरलं आहे. तिथेही नवी झाडं मातृवृक्षाच्या पायाशीच गुदमरत होती. २०००मध्ये अल्दाब्राची कासवं आणून सोडली. ती पडलेली फळं खातात, बी घेऊन चालतात, लांब टाकतात. काही वर्षांत जिथे आबनूस तोडून संपवला होता तिथे रोपं दाटीने उठली. परकं कासव, पण काम तेच.

नवा लाव्हा

रियुनियनवर लाव्हाचे प्रवाह कोणत्या वर्षी वाहिले याच्या नोंदी आहेत, त्यामुळे प्रत्येक पट्ट्यावर झाडं किती वर्षांत आली ते ताडता येतं. माणूस येण्याआधीच्या प्रवाहांवर मोठ्या, गरदार फळांची झाडं आहेत. नंतरच्या प्रवाहांवर ती जवळजवळ नाहीत. दगडफूल आलं, नेचे आले, वाऱ्याने येणारं सगळं आलं. ज्यांचं बी कुणीतरी गिळून आणायला हवं होतं ती झाडं थांबली, कारण आणणारी कासवं आणि फळं खाणारी वटवाघळं संपली होती. तप्तबिंदू जमीन अजून करतो आहे, पण तिथे रान उभं करणारे कामकरी गेले आहेत.

त्यातलं एक परत आलं. मॉरिशसचं काळं फळवटवाघूळ रियुनियनवरून अठराव्या शतकात नाहीसं झालं होतं. या शतकाच्या सुरुवातीला काही वटवाघळं समुद्र ओलांडून पुन्हा तिथे पोहोचली, बहुधा एखाद्या चक्रीवादळाने ढकलली म्हणून. त्यांची छोटी वसाहत रियुनियनवर टिकून आहे आणि रात्री लांब उडून बिया टाकते. मॉरिशसवर त्याच जातीची हजारो वटवाघळं २०१५ आणि २०१६मध्ये सरकारी आदेशाने मारली गेली, लिची आणि आंब्याच्या बागांचं नुकसान होतं म्हणून. फळबागांवर जाळी घातली की नुकसान बरंच कमी होतं. जाळीला खर्च येतो, आणि तो कुणी करायचा याचा वाद तिथे चालू आहे.